टेकाडाची माती

"गाडी थांबीव," मागच्या सीटवरून मामा म्हणाले. आवाज असा होता की माझ्या नवऱ्याने काही न विचारता ब्रेक दाबला. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या परभणीकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात. त्यांना बहारीनला येऊन आठवडाही झाला नव्हता. शुक्रवारची सुट्टी होती आणि आम्ही त्यांना झल्लाकचा समुद्र दाखवायला निघालो होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी लागली. मी पायाखालची प्लास्टिकची पिशवी शोधायला लागले.

मामा दार उघडून खाली उतरले. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी चपला काढल्या. मार्चचं ऊन होतं, वाळू काही गार नव्हती. पण ते अनवाणी उभे राहिले आणि त्यांनी समोर हात जोडले. समोर 'आली' नावाच्या गावाची टेकाडं होती. पिवळ्या मुरमाड मातीची, गोल, काही माणसाच्या उंचीची, काही घराएवढी, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. चार वर्षं आम्ही त्यांच्यावरून येत-जात होतो. आमची मुलगी त्यांना 'द बंप्स' म्हणायची. पलीकडे कुंभारांच्या भट्ट्या होत्या, त्यामुळे ही सगळी कुंभारकामाचीच माती असणार असा माझा समज होता.

"हे काय हाय?" मामांनी विचारलं.

"टेकाडं आहेत," मी म्हणाले.

"कशाची?"

"मातीची," मी म्हणाले, कारण मला दुसरं काही ठाऊक नव्हतं आणि पाठीमागून एक टँकर हॉर्न वाजवत येत होता.

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं विनातिकीट सापडलेल्या माणसाकडे बघावं. "येडे हायत का तुमी? चार वर्सं ह्या रस्त्यानं फिरायले आन डोळे कुठं व्हते? हे स्तूप हायत."

मी दचकलेच. नवऱ्यानेही मान वळवली. लग्नानंतर आम्ही सांचीला जाऊन आलो होतो, म्हणजे स्तूप कसा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पालथा घातलेला मोठा वाडगा. आणि तो शब्द कानावर पडल्याबरोबर समोर पालथ्या वाडग्यांशिवाय काही दिसेचना. आम्ही बौद्ध माणसं. घरात बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला पांढरे कपडे, मुलीला त्रिसरण पाठ. आणि आमच्या दाराशी एवढं मोठं ठिकाण, तर आम्ही त्याला बंप्स म्हणत होतो. 

"पन पाटी कामून न्हाई?" मामा म्हणाले. "एवढं मोठं ठिकान आन पाटी न्हाई म्हंजे काय?"

त्यांनी सारी नोकरी लाल डब्यात कंडक्टर म्हणून काढली होती. पाटी हा त्यांचा विषय. पाटी वाचल्याशिवाय ते कुठल्या वाहनात पाय ठेवत नसत. विमानात चढतानासुद्धा त्यांनी हवाईसुंदरीला, हे नक्की बहारीनलाच जाणार ना, असं दोनदा विचारलं होतं. मनामाच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं ते एकेक करून जुळवत आणि अर्थ लागला नाही तर मला विचारत. बिनपाटीची जागा म्हणजे त्यांच्या लेखी कुणाची तरी हलगर्जी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी चौकशी केली. अदलियाच्या एका छोट्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. आमचा ड्रायव्हर बहारिनी होता, आलीच्याच बाजूचा. त्याला विचारलं, तर हात हवेत उडवून म्हणाला, "मिन झमान, सिस्टर." म्हणजे फार जुनं. "इस्लामच्याही आधीचं." एवढं ऐकून मी खूश झाले. आधीचं म्हणजे आमच्या डोक्यात एकच माणूस. पुढे आणखी काही विचारावं असं मला सुचलं नाही, घरी येऊन मी मामांना छाती फुगवून सांगितलं.

आता थोडं घरातलं सांगायला हवं. बाप-लेकाचं त्या काळात फारसं बोलणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आमच्याकडे माणूस गेलं की, "माती कधी आहे?" असं विचारतात. माती म्हणजेच अंत्यविधी. पुरायचं, आणि जमलेल्या प्रत्येकाने मूठभर माती टाकायची. बायका घरीच थांबतात, त्यामुळे मी गेले नव्हते, पण परत आलेल्या प्रत्येक माणसाने तेच सांगितलं. मसणवट्याच्या अलीकडे एक लिंबाचं झाड आहे. मामा तिथवर आले, थांबले आणि माघारी फिरले. बायकोला त्यांनी माती दिली नाही. आम्ही बहारीनहून विमान बदलत धावत आलेलो, माझ्या नवऱ्याने दिली, भावकीने दिली, परक्यांनी दिली. हा माणूस घरी येऊन ओट्यावर बसून राहिला. कुणी विचारलं तर म्हणाला, "जमलं न्हाई."

वस्तीत महिनाभर तोच विषय होता. मला तर तेव्हा हा माणूस दगड वाटला. नवऱ्याने बापाला तोंडावर काही विचारलं नाही, पण पत्र लिहिणं सोडलं आणि फोनवर 'तब्येत कशी आहे' याच्या पुढे तो गेला नाही. व्हिजिट व्हिसाही त्याने मोठ्या प्रेमाने काढला होता असं नाही. एकटा म्हातारा घरात पडून असतो, लोक आम्हाला नावं ठेवतील, म्हणून काढला.

टेकाडांनी हे सगळं बदललं. दर शुक्रवारी मामा सकाळी आंघोळ करून पांढरा सदरा घालून तयार. नवरा आधी कुरकुरत नेई, मग नुसता नेई, मग स्वतःहून विचारायला लागला. मामांनी रस्त्याच्या अगदी कडेचं एक टेकाड आपलं म्हणून निवडलं होतं. त्याच्या एका अंगाला पडक्या भट्टीची भिंत होती आणि पायथ्याला एक काटेरी झुडूप, ज्यात निळी पिशवी कायमची अडकलेली. ते टेकाड उजव्या हाताला ठेवून मामा त्रिसरण म्हणत फेऱ्या घालत. मी गाडीत बसून मुलीला संत्री सोलून देत असे. एकदा बघते तर नवरा गाडीतून उतरून बापाच्या मागे चालतोय. मी संत्रं तसंच हातात धरून बसले.

मग मामांनी गावाकडे फोन केला. आमच्या वस्तीत विहार बांधायचं ठरलं होतं आणि वैशाख पौर्णिमेला पाया घालायचा होता. पायात ठेवायला कुणी सांचीची माती आणणार होतं, कुणी कुशीनगरची. शेजाऱ्यांच्या फोनवर मामांनी विहाराच्या माणसांना बोलावून घेतलं होतं. फोनकार्ड घालून ते बूथमध्ये ओरडून बोलत होते आणि मी काचेबाहेर उभी होते.

"जयभीम. म्या बहारीनहून बोलायलो. इथं स्तूप हायत. येक न्हाई, हजारानं हायत. माती घिऊन येतो. पायात सगळ्यात खाली आपली माती पडली पायजे."

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ज्या वस्तीने वर्ष-दीड वर्ष त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं, तिथली माणसं आता फोनवर त्यांना परत परत विचारत होती, काका, नक्की आणणार ना? पाया तुमच्याच हातून घालू म्हणाली. मामांना याहून मोठं काही हवं नव्हतं, आणि ते कुणालाही दिसलं असतं.

मी दुधाच्या पावडरचा एक रिकामा डबा विम लावून घासला आणि गच्चीवर उन्हात वाळवला. बाप-लेकांनी मिळून तो भरला. टेकाडाच्या पायथ्याशी जिथे माती आपसूक घसरली होती, तिथली घेतली. नवरा ओंजळीने भरत होता आणि मामा, "दाबू नको रं, मोकळी राहू दे," असं सांगत होते. कशावरून तरी दोघं हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्या दोघांना एकत्र हसताना पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर मामांनी माती चाळायला माझी पिठाची चाळणी मागितली. मी साफ नाही म्हणून सांगितलं. मग नवऱ्याने जाऊन नवी आणली. डबा मामांच्या खोलीतल्या फळीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवला गेला आणि मामा रोज सकाळी तिथे मेणबत्ती लावायला लागले.

एप्रिलच्या एका शुक्रवारी आम्ही वळणावर आलो आणि मामा सीटवरून अर्धवट उठले. "लागली," ते म्हणाले. "पाटी लागली."

खरंच लागली होती. आतल्या टेकाडांभोवती तारेचं कुंपण आलं होतं आणि त्यापुढे दोन लोखंडी खांबांवर एक मोठी, कोरी करकरीत पाटी. आमचं कडेचं टेकाड कुंपणाच्या बाहेर राहिलं होतं, पण पाटी त्याच्यापासून लांब नव्हती. मामा गाडी थांबायच्या आतच उतरले. इतके दिवस ते दिसेल त्या भारतीय माणसाकडे पाटी नसल्याची तक्रार करत होते, आणि आता जणू त्यांचीच तक्रार डेपोत पोचली होती. ते पाटीपुढे हात मागे बांधून उभे राहिले.

वरती अरबी होतं, खाली इंग्रजी. "वाच, सूनबाई," मामा म्हणाले. "मोठ्यानं वाच."

मी आधी मनात वाचलं. एकदा वाचून माझा विश्वास बसला नाही, म्हणून परत वाचलं. ही प्राचीन दफनभूमी आहे, हजारो वर्षांपूर्वीची. आत जाऊ नये. खणू नये. इथून काहीही उचलून नेणं गुन्हा आहे.  दुधाच्या पावडरचा डबा आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी होता.

"काय झालं? इंग्रजी अवघड हाय का?"

"मामा," मी म्हणाले, "ही थडगी आहेत."

"कशाची?"

"माणसांची. या प्रत्येक टेकाडाखाली माणूस पुरलेला आहे. स्तूप नाहीत हे. मसणवटा आहे."

मी असं एका दमात का सांगून टाकलं कोण जाणे. माझा स्वभावच तो, पोटात काही राहत नाही. मला वाटलं होतं ते वाद घालतील, पाटी चुकली असं म्हणतील. पण ज्या माणसाने आयुष्यभर पाटीवर विश्वास ठेवला, तो पाटी चुकली असं म्हणत नाही. त्यांनी आधी आपल्या हातांकडे बघितलं. मग गाडीकडे आले, पिण्याच्या पाण्याची बाटली काढली आणि हात धुवायला लागले. कोपरापर्यंत धुतले. बाटली संपली. त्यांनी दुसरी घेतली. तीही संपली. मुलगी म्हणाली, "आजोबा, दॅट्स ऑल अवर वॉटर," तरी त्यांना ऐकू आलं नाही. मग ते रस्त्याच्या कडेला मातीतच बसणार होते, पण खाली बघून परत उभे राहिले. कुठे टेकावं हेच त्यांना कळेना.

माझा नवरा पाटीपुढून हलला नव्हता. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा लालभडक झाला होता. "वा," तो म्हणाला. "आईच्या मातीला आला नाहीत. आणि इथे दर शुक्रवारी परक्याच्या थडग्याला फेऱ्या मारताय. मलाही मारायला लावल्या."

मी त्याचा दंड धरला. मामा मागच्या सीटवर जाऊन बसले.  परत येताना मुलीने तहान लागली असं दोनदा सांगितलं, तेव्हा मी तिलाच दटावलं.

त्या रात्री मामा जेवले नाहीत. डबा त्यांच्या खोलीतून बाहेर काढ, एवढंच म्हणाले. मी तो स्वयंपाकघराबाहेरच्या गॅलरीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते. नवरा बेसिनपाशी दाढी करत होता, दार उघडंच होतं. मामा येऊन स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि तिकडे गॅलरीकडे न बघता बोलायला लागले.

"सूनबाई, म्या सात-आठ वर्साचा आसन. गावात कुनी मेलं की सांगावा घिऊन दुसऱ्या गावाला जायचं काम आमचं. सरपनाची लाकडं आमी व्हायची. बदल्यात काय, तर मढ्यावरचं कापड. ते आमच्या वाट्याचं."

हे मी ऐकून होते. आमच्या पिढीत हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, भाषणात. मी पोळी उलटली.

"माझ्या मायनं त्या कापडाचा सदरा शिवला. म्या शाळंत जानार व्हतो ना, मग नवा सदरा पायजे. पांढरा व्हता, काठाला लाल दोरा. त्यो घालून म्या शाळंत गेलो. पयल्याच दिशी येका पोरानं माझा काठ धरला. म्हनला, ह्यो तर आमच्या आज्याचा हाय. आमी त्याच्यावर टाकला व्हता."

माझा हात थांबला. तव्यावरची पोळी करपत होती आणि मला ती दिसत होती, तरी उचलता येईना. मामा साध्या आवाजात बोलत होते, गाडीच्या वेळा सांगाव्यात तसे. बेसिनपाशी ब्लेडचा आवाज बंद झाला होता.

"सगळी पोरं लांब सरकली. मास्तर बी सरकला. म्या सदरा काढून उघडा घरी आलो. मायनं मारलं, कारन दुसरा नव्हता. दुसऱ्या दिशी त्योच घालून गेलो. फाटस्तवर घातला." ते थांबले. "दीक्षा घेतली, त्या दिशी म्या मनाशी ठरीवलं. मसनवट्यात पाय ठिवायचा न्हाई. मेलेल्या मानसाचं काई घ्यायचं न्हाई. बाप गेला तवा बी गेलो न्हाई. तुझी सासू गेली, तवा म्या मनलं, ही तर आपली हाय, हिच्यासाठी जायचं. लिंबापत्तुर गेलो. पुढं पाय उचलंना, बाई. अंगावर त्यो सदरा असल्यावानी वाटाय लागलं."

नवरा दारात येऊन उभा होता. अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच. त्याने बापाकडे बघितलं, मग गॅलरीतल्या डब्याकडे.  तो परत जाऊन बेसिनचा नळ सोडून उभा राहिला आणि नळ कितीतरी वेळ वाहत राहिला.

"आन आता बघ," मामा म्हणाले. "डबा भरून आनलं."

मी गॅस बंद केला.  दोन वर्षं ज्या माणसाला मी दगड म्हणत होते, तो माझ्यासमोर चौकटीला धरून उभा होता, आणि त्याच्या सदऱ्याचा लाल काठ मला स्पष्ट दिसत होता, जरी अंगात फक्त बनियन होतं.

त्याच संध्याकाळी मामांनी बूथवरून गावाकडे फोन लावला. मी म्हटलं, काहीतरी कारण सांगा, विमानात माती नेऊ देत नाहीत म्हणून सांगा. त्यांनी माझं ऐकलं नाही. "जयभीम. ते स्तूप न्हाईत. मसनवटा हाय. म्या वळखाया चुकलो. माती येनार न्हाई, पाया दुसऱ्याच्या हातानं घाला." पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसलं, ते मला काचेबाहेर ऐकू आलं. मामा रिसीव्हर कानाशी धरून ते हसणं पुरं होईपर्यंत थांबले. मग फोन ठेवला.

राहिला डबा. मामांचं म्हणणं एकच, जिथली माती तिथे परत ठेवायची. नवरा तयार होईना. त्या दिवसांत तिथे सरकारविरुद्ध दंगे चालू होते, जिदहफ्स गावाच्या बाजूला संध्याकाळी टायर जळायचे आणि पोलीस कुठेही गाड्या थांबवून डिकी उघडायला लावायचे. पाटीवर साफ लिहिलेलं, इथून काही नेणं गुन्हा. "डब्यासकट पकडलं तर काय सांगायचं? नोकरी, व्हिसा, सगळं खलास," नवरा म्हणाला. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. गच्चीवरच्या कुंडीत ओतून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण मामा जाता-येता गॅलरीचं दार टाळून भिंतीकडेने चालायचे, ते बघवत नव्हतं. त्यांचा व्हिसा संपत आला होता.

गुरुवारी आम्हा दोघांनाही अर्धा दिवस असे. दुपारी मी ऑफिसातून येऊन बूट काढत होते, तेव्हा मामा आंघोळ करून पांढरा सदरा घालून बाहेर आले आणि म्हणाले, "आज माती हाय. चला."

 क्षणभर मला वाटलं, गावाकडून फोन आला, कोण गेलं? मग त्यांचं बोट गॅलरीकडे गेलं. डबा ते अजूनही हातात घेत नव्हते. मी नवऱ्याकडे बघितलं. आता हा पोलीस, व्हिसा सुरू करणार, असं मला वाटलं. पण माती आहे म्हटल्यावर आमच्याकडे कुणी कामाची सबब सांगत नाही. त्याने किल्ली उचलली, गॅलरीतून डबा आणला आणि जिना उतरायला लागला. मुलीला शेजारच्या मल्याळी बाईंकडे सोडून मी त्यांच्या मागे धावले.

आलीजवळ आलो आणि वळण गेलं. नवऱ्याने गाडी मागे वळवली, परत तेच. "पुढे गेलो का आपण?" मी विचारलं. कुंपण होतं, आतली टेकाडं होती, पाटी होती. पण पडक्या भट्टीची भिंत नव्हती. निळ्या पिशवीचं झुडूप नव्हतं. तिसऱ्यांदा आलो तेव्हा मला उमगलं. आमचं टेकाडच नव्हतं. त्या जागी पिवळी, सपाट, पाणी मारलेली जमीन होती आणि तिच्यावर एक रोलर पुढे-मागे फिरत होता. रस्ता रुंद होत होता.

आम्ही उतरलो. पाटी तशीच उभी होती, इथून काही उचलून नेऊ नये असं सांगत. नवरा डबा घेऊन उभा होता, ठेवायला जागा नसलेल्या माणसासारखा. मामा पाटीपाशी गेले, तिला पाठ लावून त्यांनी अंदाज घेतला, मग त्या सपाटीवर चालत गेले आणि एका जागी थांबले. "हितं व्हतं," म्हणाले. रोलरवाला ओरडला. उत्तर प्रदेशकडचा असावा, मध्यम वयाचा, खांद्यावर चौकडीचा गमछा. "चाचा, इधर खड़ा नहीं होना. काम चालू है."

"यहाँ जो टेकाड था?" नवऱ्याने विचारलं.

"वो तो परसों खलास."

मी म्हणाले, "मामा, चला. आता काही उरलं नाही इथे." मला भीती वाटत होती, रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि आम्ही तिघं एक डबा घेऊन उघड्यावर उभे. मामा हलले नाहीत. "उरली न्हाई कशी? ही काय," म्हणाले आणि त्यांनी मुलापुढे दोन्ही हात केले. डबा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. पाटी वाचल्यापासून पहिल्यांदा. मग ते ओल्या जमिनीवर उकिडवे बसले आणि बोटांनी एक खळगा करायला लागले.

रोलर जवळ येऊन थांबला. "क्या डाल रहे हो, चाचा?"

मामांचं हिंदी लाल डब्यातल्या प्रवाशांकडून शिकलेलं. "मिट्टी," ते म्हणाले. "मिट्टी दे रहा हूँ."

हिंदीतही त्याचा तोच अर्थ होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. रोलरवाल्याने आमच्याकडे बघितलं, माझ्या पदराकडे, नवऱ्याकडे, मामांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे. त्याने इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की आतल्या टेकाडांवरून घसरणारे खडेसुद्धा ऐकू आले. तो खाली उतरला, त्याने गमछा डोक्याला गुंडाळला आणि मामांच्या समोर येऊन बसला.

"किसकी मिट्टी है?" त्याने हळूच विचारलं.

कुणाची, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? हजारो वर्षांपूर्वीचं कुणीतरी. मी उत्तर द्यायला पुढे झाले, गैरसमज नको म्हणून. मामांनी डब्यात हात घातला. मूठ बाहेर आली तेव्हा त्यांनी ती धुतली नाही, झटकली नाही. त्यांनी ती खळग्यावर धरली.

"घरवाली की," ते म्हणाले आणि मूठ सोडली.

 रोलरवाल्याने मान हलवली. तो ओठातल्या ओठात अरबीत काही पुटपुटला आणि त्याच्या रिवाजाप्रमाणे त्याने तीन मुठी माती टाकली. मग डबा उचलून त्याने नवऱ्यापुढे वर धरला, कारण मातीला आलेल्या माणसाला वगळायचं नसतं. माझ्या नवऱ्याने आईला माती एकदा दिलेली होती. तो बापाशेजारी खाली बसला आणि त्याने पुन्हा दिली.